रेषा, पाळ आणि भिंत : क्रीडागाराच्या नीतीविषयी

१

एखादे क्रीडागार 'चांगले' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा या विशेषणाने नेमके काय सूचित होते? ते देखणे आहे असे म्हणायचे असते, की सोयीचे आहे असे? त्यात पुष्कळ माणसे मावतात, एवढेच अभिप्रेत असते, की यांहून वेगळे, नैतिक म्हणता येईल असे काही? मराठी समीक्षेने साहित्यकृतीच्या संदर्भात 'चांगले' या पदाची बरीच चिकित्सा केली आहे. वास्तूकडे ती क्वचितच वळली, आणि क्रीडागारासारखी वास्तू तर जवळजवळ तिच्या परिघाबाहेरच राहिली. याचे एक कारण असे संभवते की, ही वास्तू कलेच्या प्रांतात पुरती बसत नाही आणि निव्वळ उपयुक्ततेच्या प्रांतातही पुरती सामावत नाही. प्रस्तुत लेखात ही अडचण हीच विचाराची संधी मानली आहे.

आरंभ मात्र वास्तूपासून न करता वास्तू नसलेल्या जागेपासून करणे इष्ट होईल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश आहे. धानाच्या खाचराला इथे 'बांधी' म्हणतात. चहूबाजूंनी मातीचा बांध आणि मध्ये पाणी धरून ठेवणारी सपाट चौकट, असे तिचे रूप. दिवाळीच्या सुमारास धान कापून झाले की ही चौकट काही महिने रिकामी होते, आणि मग गावातली मुले तिच्यात चेंडू घेऊन उतरतात. दोन काठ्या रोवल्या की गोल तयार होतो. बांध हीच मैदानाची बाजू ठरते, आणि खेळायला न मिळालेली मुले, गुरे घेऊन निघालेली माणसे त्याच बांधावर घटकाभर टेकतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा रोवणी होते. या साध्या दृश्यात क्रीडागाराची सगळी मूलद्रव्ये आहेत: खेळाची हद्द आहे, पाहण्याची जागा आहे, पाहणारे आहेत. नाही ती फक्त भिंत.

या दृश्याच्या आधारे तीन संकल्पना वेगळ्या करता येतात. पहिली 'रेषा', म्हणजे खेळ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगणारी खूण. दुसरी 'पाळ'. तलावाच्या बांधाला या प्रदेशात पाळ म्हणतात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांमुळे, नवेगावबांधसारख्या विस्तीर्ण जलाशयामुळे, हा शब्द इथल्या बोलण्यात रुळलेला आहे. पाळ अडवते, पण अडवते ते आतले सांभाळण्यासाठी. शिवाय तिच्यावर उभे राहून आतले सगळे दिसते. तिसरी 'भिंत', जी बाहेरच्याला आत येऊ देत नाही आणि पाहूही देत नाही. क्रीडागाराच्या नीतीचा प्रश्न या तीन हद्दींच्या परस्परसंबंधाचा प्रश्न आहे, आणि या तिघींची गल्लत झाल्यामुळे केवळ वास्तुविचारातच नव्हे, तर साहित्यविचारातही बराच गोंधळ माजला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

रेषेचा विचार प्रथम करू. योहान हाइझिंगा या डच इतिहासकाराने 'होमो लुडेन्स' या १९३८ मधील ग्रंथात असे दाखवून दिले की, प्रत्येक खेळ आपल्यासाठी एक वेगळी जागा आखून घेतो आणि त्या जागेत नेहमीच्या जगाचे नियम तात्पुरते स्थगित होतात. आखाडा, पत्त्यांचा पट, मंदिर, न्यायालय, रंगमंच या सर्वांना त्याने याच अर्थाने एका पंक्तीत बसवले. फुटबॉलच्या मैदानावरची चुन्याची रेषा ही मातीवरची केवळ एक पांढरी खूण असते. पण चेंडू तिच्यापलीकडे गेला की घडलेल्या गोष्टीचा अर्थच बदलतो. रेषा कुणाला शरीराने अडवू शकत नाही. ती अडवते ती केवळ संमतीच्या बळावर.

कलेच्या स्वायत्ततेची कल्पना मुळात या रेषेसारखीच आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या आधारे कलाकृतीची जी अंतर्गत संगती मांडली, ती कलाकृतीभोवती अशीच एक रेषा काढणारी होती: हिच्या आत काय घडते त्याचा निकष आतूनच यावा, असा तिचा आग्रह होता. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या साहाय्याने सौंदर्यविचाराची फेरमांडणी केली, तेव्हा या रेषेचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट झाल्या. खेळ हा या दोन ध्रुवांच्या मधोमध उभा असतो. गोल ही घटना लौकिक जीवनात काहीच सिद्ध करत नाही, आणि तरीही तिच्यासाठी हजारो माणसांचा श्वास अडकतो.

पण रेषेच्या या स्वायत्ततेला एक नैतिक अट आहे, आणि ती संमतीची आहे. ज्याने रेषा मान्य केली त्याच्यापुरतीच ती वैध असते. गोंदिया परिसरातल्या शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, वाद याच मुद्द्यावर उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली आणि पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी केलेल्या कायद्यातील दुरुस्त्या १८ मे २०२३ रोजी वैध ठरवल्या. निकाल काहीही असो, मूळ प्रश्न उरतोच: बैलाने रेषा कधी मान्य केली? खेळाचे अलौकिक विश्व हे त्यात स्वेच्छेने उतरलेल्यांपुरतेच अलौकिक असते. न विचारता आत ओढलेल्याच्या दृष्टीने ते लौकिकच, आणि कदाचित क्रूर लौकिक असते.

रेषेचा विचार इथवर नेला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. रेषा वास्तू मागत नाही. मग वास्तू आली कुठून?

३

या प्रश्नाचे एक अत्यंत सूचक उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. पहिल्या अध्यायातील कथेनुसार पहिला नाट्यप्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात झाला, आणि तो उघड्यावर झाला. त्यात देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव दाखवला होता. प्रेक्षकांत असलेले दैत्य हे पाहून खवळले. विरूपाक्षाच्या पुढारपणाखाली विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले, तरी उरलेल्यांचा उपद्रव थांबेना. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधण्याची आज्ञा केली आणि त्याच्या प्रत्येक भागावर रक्षणासाठी देवता नेमल्या.

ही कथा नाट्याच्या उत्पत्तीची म्हणून आपण वाचतो; ती वास्तूच्या उत्पत्तीचीही कथा आहे. इथे नाट्यगृह सौंदर्यासाठी जन्मले नाही, ऊनपावसापासून निवाऱ्यासाठीही नाही. ते प्रेक्षकांतल्या भांडणातून जन्मले. ज्या प्रेक्षकाला प्रयोग आपल्याविरुद्ध पक्षपाती वाटला, त्याला बाहेर ठेवण्यासाठी पहिली भिंत उभी राहिली. आजचे फुटबॉलचे क्रीडागार, त्यातले समर्थकांचे वेगवेगळे कक्ष, मधल्या जाळ्या आणि पोलिसांच्या रांगा यांच्याशी या कथेचे नाते सांगायला फारशी ओढाताण करावी लागत नाही.

परंतु कथा इथे संपत नाही, आणि तिचे नैतिक मर्म पुढच्या भागात आहे. भिंत उभी राहिल्यावर देवच ब्रह्मदेवाला सुचवतात की, विघ्नांना आधी सामाने समजवावे. ब्रह्मदेव त्यांच्याशी बोलतो. हा आमचा अपमान आहे, अशी तक्रार विरूपाक्ष मांडतो. त्यावर ब्रह्मदेव सांगतो की, नाट्य हे एका पक्षाचे नव्हे. देव आणि दैत्य दोघांच्याही शुभाशुभाचे, तिन्ही लोकांच्या भावांचे ते अनुकीर्तन आहे. भारतीय नाट्यविचारातील सर्वांत व्यापक विधान अशा रीतीने एका बहिष्कृत प्रेक्षकाच्या तक्रारीला दिलेले उत्तर म्हणून अवतरते. भिंतीने जो प्रश्न सुटला नाही, तो सिद्धान्ताला हाती घ्यावा लागला. इतकेच नव्हे, तर भिंत बांधल्यामुळे बांधणाऱ्यावर एक ऋण चढते, ते म्हणजे बाहेर ठेवलेल्याला उत्तर देण्याचे. हे ऋण मान्य न करणारी वास्तू भरताच्या अर्थाने अपुरीच राहते.

दुसऱ्या अध्यायात भरत मंडपाची मापे देतो. माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद मंडप त्याला इष्ट वाटतो, आणि याहून मोठा का नसावा याचे कारणही तो देतो: फार मोठ्या मंडपात आवाज विरून जातो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव अस्पष्ट होतात. म्हणजे वास्तूचे माप राजाच्या वैभवावरून ठरत नाही, ते दूर बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्याकानांवरून ठरते. कांटने १७९० मध्ये वास्तूच्या सौंदर्याला परायत्त सौंदर्य म्हटले, कारण राजवाडा असो की प्रार्थनागृह, त्याचे सौंदर्य त्याच्या प्रयोजनाच्या कल्पनेशी बांधलेले असते. भरताने या प्रयोजनाला एक चेहरा दिला. शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसाला दिसले पाहिजे, हे ते प्रयोजन. क्रीडागाराच्या संदर्भात 'चांगले' या पदाचा पहिला अर्थ इथे हाती लागतो.

४

पाळ ही संकल्पना याच ठिकाणी उपयोगी पडते. ती कशी, हे पाहण्यासाठी धानाच्या प्रदेशातून दूर, ज्या मराठी शहराच्या अंगात फुटबॉल भिनला आहे त्या कोल्हापुरात जावे लागेल. तिथला फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही संघांची नावेच ते सांगतात. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांनी एका परक्या खेळाला आपल्या पेठांच्या ईर्ष्येत सामावून घेतले. देशीयतेची चर्चा करताना आपण भाषा आणि कादंबरी यांचे दाखले देतो. इंग्रजी अमदानीत आलेला खेळ तालमीचे नाव लावून मैदानात उतरतो, हा दाखलाही त्याच तोलाचा आहे.

तालमीत लाल मातीच्या खळग्याला 'हौदा' म्हणतात. पाण्याच्या हौदाची आठवण करून देणारा हा शब्द आहे, आणि ही आठवण योगायोगाची वाटत नाही. खासबाग कुस्ती मैदान हा जणू अशा हौद्याचाच विस्तार आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये ते उभे केले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते युरोपात गेले असता रोममधील कलोसियम पाहून ही कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची साधी रचना आहे. मागे बसलेल्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून आखाड्यापर्यंत पोचावी, हे तिचे एकमेव सूत्र. अशा बैठकीची भूमिती मोठी बोलकी असते. प्रत्येक ओळीला पुढच्या ओळीवरून पाहता यावे असे वाटत असेल, तर मागे जावे तसतशी चढण अधिक तीव्र करावी लागते. तेव्हा बैठकीचा छेद सरळ रेषेत न राहता वर वळत जाणारा वक्र होतो. कटोऱ्यासारखा हा आकार वास्तुकाराच्या लहरीतून येत नाही. पुढच्या माणसाने मागच्या माणसाला द्यावयाची वाट जेव्हा दगडामातीत उतरते, तेव्हा तिला हा आकार येतो.

इथे एका काकतालीय न्यायाची नोंद करण्याचा मोह आवरत नाही. ज्या वर्षी महाराजांनी कलोसियम पाहिले असे म्हटले जाते, त्याच १९०२ च्या २६ जुलैला, ते परदेशात असतानाच, करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडणे हे उतावीळपणाचे ठरेल. तरीही 'जागा' या शब्दाचे दोन अर्थ इथे एकमेकांशेजारी येऊन बसतात: बसायची जागा आणि समाजातली जागा. इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या कलोसियममध्ये ही दोन्ही एकच होती. खालच्या, आखाड्याजवळच्या आसनांवर सरदार, आणि सर्वांत वर गरीब, स्त्रिया आणि गुलाम. म्हणजे समान दृष्टी देणारा आकार आणि विषम प्रतिष्ठा देणारी मांडणी एकाच वास्तूत सुखाने नांदू शकतात. आकृतिबंध स्वतःहून न्याय्य नसतो. तो न्यायाला जागा करून देतो, इतकेच. ती जागा भरायची की नाही, हे त्या त्या समाजाने ठरवायचे असते.

कोल्हापूरचे फुटबॉलचे क्रीडागार म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियम. त्याचा परिसर पूर्वी रावणेश्वर तळ्याचा होता. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थाच्या जागी मंडई. रावणेश्वराचे मंदिर शेजारी अजून आहे. तळ्याची जागा मैदानाने घेतली आहे. पाळ पाण्याभोवती होती, तिथे आता माणसे बसतात. पूर्वी पाळीवर उभ्या राहिलेल्याला पाणी दिसे, आता बैठकीवर बसलेल्याला हिरवे मैदान दिसते. कवीला हे रूपक आयते मिळाले असते. पण नीतीचा विचार करणाऱ्याने या रूपकावर समाधान मानू नये.

कारण तळे हीही एक सार्वजनिक वास्तूच होती. तिच्यावर धुणे धुणाऱ्यांचा, गुरे पाजणाऱ्यांचा, विहिरींचे झरे जिवंत राहावेत म्हणून तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांचा हक्क होता. तळे बुजवून मैदान करताना एका सार्वजनिक उपभोगाच्या जागी दुसरा आला. दुसरा कमी मोलाचा आहे, असे नव्हे. पेठेतल्या ज्या मुलाला दुसरीकडे कुठे नाव मिळण्याची शक्यता नव्हती, त्याला या मैदानाने नाव दिले आहे. पण दोन्ही उपभोग घेणारी माणसे तीच नव्हती. धुण्याचे गाठोडे घेऊन तळ्यावर येणारी बाई सामन्याच्या दिवशी बैठकीवर दिसत नाही. वरुणतीर्थाच्या जागी झालेल्या गांधी मैदानात पावसाळ्यात आजही पाणी साचून राहते. पाणी आपली जुनी जागा शोधत येते, असे आपण म्हणतो. खरे तर त्या भूमीचा उतार बदललेला नसतो, आपण फक्त नाव बदललेले असते. क्रीडागाराच्या परिसराचा विचार म्हणजे केवळ रस्ते, वाहने आणि दुकाने यांचा विचार नव्हे. आपण कोणाच्या जागेवर बसून पाहत आहोत, याची आठवण ठेवणे हाही त्याचा भाग आहे. ही आठवण ठेवल्याने तळे परत येणार नाही. परंतु न ठेवल्यास पुढचे तळे बुजवणे सोपे जाईल.

५

आतापर्यंत पाळीची बाजू घेऊन बोलत असताना एक आक्षेप मनात सलत राहतो आणि त्याला सामोरे जाणे भाग आहे. ज्या आकारामुळे सर्वांना मध्य दिसतो, त्याच आकारामुळे मध्यातून, किंवा वरून, सर्वांवर नजर ठेवता येते. मिशेल फुकोने १९७५ मध्ये असे मांडले की, प्राचीन समाजात पुष्कळांनी थोड्यांकडे पाहावे अशी रचना होती, तर आधुनिक समाजाने थोड्यांनी पुष्कळांवर नजर ठेवावी अशी रचना उभी केली. त्याच्या दृष्टीने रंगभूमी आणि तुरुंग ही परस्परविरोधी टोके आहेत. क्रीडागाराचे उदाहरण घेतले तर मात्र ही टोके एकाच वास्तूत भेटतात.

चिलीची राजधानी सांतियागो येथील राष्ट्रीय क्रीडागार हा याचा भीषण पुरावा आहे. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर काही आठवडे तिथे हजारो लोकांना डांबून ठेवले गेले, अनेकांचा छळ झाला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना तिथेच ठरला होता. सोव्हिएत संघाने त्या मैदानावर खेळायला नकार दिला, आणि चिलीच्या खेळाडूंनी प्रतिस्पर्धी नसलेल्या मैदानात चेंडू नेऊन रिकाम्या गोलात मारला. रेषा जागच्या जागी होती. तिचा अर्थ मात्र मरून गेला होता. त्या क्रीडागाराचे पुढे नूतनीकरण झाले, तेव्हा जुन्या लाकडी बाकांचा एक भाग तसाच राखून ठेवण्यात आला. आजही सामन्याच्या वेळी तो रिकामा असतो. वास्तूने आपल्या अपराधाची कबुली द्यायची असेल तर ती कशी द्यावी, याचे इतके संयत उदाहरण दुसरे आठवत नाही.

दुसरा पुरावा इंग्लंडमधील शेफिल्डचा. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो क्रीडागारात बाहेर दाटी झाली म्हणून एक दरवाजा उघडण्यात आला. गर्दी एका बोगद्यातून आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरली. पुढे मैदानाच्या बाजूला लोखंडी कुंपण होते, प्रेक्षक मैदानात उतरू नयेत म्हणून उभारलेले. त्या दिवशी जखमी झालेल्यांपैकी मृतांची संख्या अखेर ९७ झाली. वर्षानुवर्षे दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला; २०१६ मध्ये ज्यूरीने तो फेटाळला आणि ते मृत्यू बेकायदा वधाचे ठरवले. आपल्याकडे कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी फुटबॉलच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत १६ प्रेक्षक मरण पावले होते. दोन घटनांची कारणे निराळी आहेत. एकीकडे प्रेक्षकांना जखडणारे कुंपण जीवघेणे ठरले, दुसरीकडे प्रतिस्पर्धी समर्थकांना वेगळे न ठेवणे. तेव्हा भिंत ही निरपवादपणे वाईट असते, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. पण कुंपण उभारणाऱ्याने प्रेक्षकाकडे पाहिले ते कोणत्या दृष्टीने, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी लागू पडतो. प्रेक्षक हा पाहणारा आहे, की आवरायचा जमाव? पाळ त्याला पाहणारा मानते, भिंत त्याला जमाव मानते. हिल्सबरोनंतर इंग्लंडमधील कुंपणे निघाली आणि उभे राहण्याच्या जागी आसने आली. त्यांच्याबरोबर तिकिटेही महागली. कुंपण लोखंडाचेच असते असे नाही.

६

आता साहित्यविचाराकडे परत येता येईल. कलेच्या स्वायत्ततेचे समर्थक आणि बांधिलकीचे समर्थक यांचा वाद मराठीत दीर्घकाळ चालला. क्रीडागाराच्या आरशात पाहिले तर या वादातली एक गफलत दिसते. स्वायत्ततावादी बोलत होते रेषेविषयी, पण पुष्कळदा त्यांच्याकडून राखण झाली ती भिंतीची. कोणाची भाषा, कोणाचा अनुभव आत येण्यास पात्र, हे ठरवणाऱ्या भिंतीची. बांधिलकीवाद्यांचा रोख होता भिंतीवर, आणि तो न्याय्य होता. पण घाव पुष्कळदा रेषेवर पडले, आणि खेळाचे नियमच अन्याय्य मानण्यापर्यंत मजल गेली. विरूपाक्षाची तक्रार नाट्याविरुद्ध नव्हती. आपण त्यात पराभूत म्हणूनच दाखवले जातो, याविरुद्ध होती. दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला जो प्रश्न विचारला, तो या जातीचा होता. त्याला उत्तर देताना नाट्याचे क्षेत्र विस्तारणे हा ब्रह्मदेवाचा मार्ग होता. दरवाजावर अधिक देवता नेमणे हा नव्हे.

हे म्हणत असताना गोंदिया जिल्ह्यातल्या एका स्थळाची आठवण होते. आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे जन्मस्थान असल्याचे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. भवभूतीच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनांत प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत असल्याचे म्हटले आहे. म्हणजे संस्कृतातला हा अत्यंत गंभीर नाटककारसुद्धा आपला प्रयोग जत्रेच्या गर्दीसमोर उभा करतो. त्याच प्रदेशात आज दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात, दंडार रंगते, हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. या नाटकांना तिकीट असते आणि प्रेक्षागृहाला भिंतही असते. परंतु ती कापडाची असते. आतला संवाद आणि गाणे बाहेरच्याला ऐकू जाते, सकाळी भिंत गुंडाळून बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये चढते आणि शेत पुन्हा शेत होते. या भिंतीविषयी भावुक होण्याचे कारण नाही. तिकीट न परवडणारा तिथेही बाहेरच राहतो. पण ही भिंत स्वतःला कायमची समजत नाही, आणि बाहेरच्याला आतल्याच्या आवाजापासून तोडत नाही. हे तिचे दोन गुण दगडाच्या भिंतीने शिकण्यासारखे आहेत.

राज्यात तालुक्याच्या गावी क्रीडा संकुले उभारण्याचे धोरण आहे. गोंदियापासून सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावपर्यंत आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यातही मोकळ्या मैदानांना आवार घालण्याचा प्रश्न येतच राहणार. अशा वेळी चर्चा होते ती खर्चाची, आसनांच्या संख्येची, नाव कोणाचे द्यावे याची, आणि बाहेरच्या अंगाला दुकानांचे किती गाळे निघतील याची. या लेखातील विवेचनाला काही अर्थ असेल, तर त्यांच्या आधी विचारायचे प्रश्न निराळे आहेत. शेवटच्या ओळीतल्या माणसाला दिसेल काय? संकट आले तर त्याला बाहेर पडता येईल काय? सामना नसेल त्या संध्याकाळी गावातल्या मुलांना आणि मुलींना आत येता येईल काय? या जागेवर आधी काय होते, आणि ते ज्यांचे होते त्यांना आपण काय उत्तर दिले? या प्रश्नांची उत्तरे आराखड्यावर दिसत नाहीत. पण आराखड्यातली प्रत्येक रेघ त्यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊनच काढलेली असते, देणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो.

म्हणून क्रीडागाराला 'चांगले' म्हणताना आपण तीन वेगळी विधाने एकत्र करत असतो. त्यातली रेषा संमतीने काढलेली आहे. त्याची पाळ सर्वांना पाहू देणारी आहे. आणि त्याची भिंत, ती अटळ असेल तर, बाहेरच्याचे ऋण मान्य करणारी आहे. पहिले विधान खेळाडूंच्या हाती असते, दुसरे वास्तुकाराच्या. तिसरे मात्र गावाच्या हाती असते, आणि बहुधा तेच अनुत्तरित राहते. धान कापलेल्या बांधीतल्या खेळाला हे तिसरे विधान करावेच लागत नाही, कारण तिथे बांधावर बसलेला माणूस आत आहे की बाहेर, हे कोणी विचारत नाही. आपल्या वास्तूंना ते विचारावे लागते. विचारल्यावर उत्तर देण्याची तयारी त्यांनी ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.